‘तत्त्व म्हणजे गेन्सोकु’? मग ताटात चिकन येणारच

जपानी शिकणाऱ्यांमध्ये तीन ओळींचा एक तक्ता फिरतो: श्रद्धा म्हणजे शिन्नेन, तत्त्व म्हणजे गेन्सोकु, शिकवण म्हणजे क्योऽगी. खाली टीप: ‘बाकीचे शब्द समानार्थी, सोडून दिले तरी चालतील.’ तिन्ही ओळी चुकीच्या आहेत. सर्वांत जास्त घोळ मधली घालते.

‘श्रद्धा म्हणजे शिन्नेन.’ शिन्नेनला देव लागत नाही. ज्या खात्रीसाठी माणूस झळ सोसायला तयार असतो, ती शिन्नेन. म्हणून तिच्यासोबत ‘त्सुरानुकु’ (शेवटपर्यंत टिकवणे) आणि ‘मागेरु’ (मुरड घालणे) ही क्रियापदे येतात. आपण ज्याला तत्त्वाचा माणूस म्हणतो, तो जपानीत ‘शिन्नेन नो हितो’. देवावरची श्रद्धा मात्र शिन्कोऽ; त्यातल्या दुसऱ्या चित्राक्षराचा अर्थच आदराने वर पाहणे. ती बाळगायची तर ‘मोत्सु’, गाढ असेल तर ‘आत्सुइ’. ‘तो येईल असा माझा विश्वास आहे’ इतकेच म्हणायचे असेल तर दोन्ही नकोत, ‘कुरु तो ओमोउ’ पुरते.

१९४७ पासून लागू असलेली जपानची राज्यघटनाही असे शब्द एकमेकांत मिसळत नाही. कलम १४ भेदभाव नाकारताना ‘शिन्जोऽ’ (माणसाची पक्की धारणा) म्हणते, कलम १९ विचारस्वातंत्र्यासाठी ‘शिसोऽ’, कलम २० धर्मस्वातंत्र्यासाठी ‘शिन्क्योऽ’. आपल्या उद्देशिकेतही ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ असे तीन शब्द शेजारी आहेतच की.

‘तत्त्व म्हणजे गेन्सोकु.’ इथे दोष मराठीच्या ऐसपैसपणाचा. आर्किमिडीजचे तत्त्व, पंचशील तत्त्वे आणि एखाद्याची खाण्यापिण्याची तत्त्वे, सगळे आपण एकाच शब्दात बसवतो. जपानीत आर्किमिडीजच्या वाट्याला ‘गेन्री’ येते: वस्तूंच्या मुळाशी असलेले, कुणी न ठरवलेले. गेन्सोकु हा सहसा माणसांनी ठरवलेला मूळ नियम. १९५४ च्या (भारत-चीन करारातल्या) पंचशीलाला जपानी ‘हेइवा गो-गेन्सोकु’ म्हणतात. १९६७ मध्ये पंतप्रधान साटो एइसाकु यांनी अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात आणू देणार नाही असे मांडले, तेही ‘हिकाकु सान्-गेन्सोकु’.

माणसांनी ठरवलेल्या नियमाला अपवादही असतात. पाटीवर ‘गेन्सोकु तोशिते किन्शि’ लिहिले असेल तर ते ‘तत्त्वतः मनाई’ असे कडक वाचू नका. अर्थ आहे ‘सर्वसाधारणपणे मनाई’. खास कारण असेल तर विचारून पाहायला जागा आहे. आता शाकाहारी माणसाने तक्ता वाचून ‘गेन्सोकु तोशिते निकु वा ताबेमासेन’ (तत्त्व म्हणून मांस खात नाही) म्हटले, तर यजमान समजतो, एरवी खात नाहीत, पण आज पाहुणचार आहे म्हणजे चालेल! इथे हवे ‘निकु ओ ताबेनाइ शुगी देसु’. शुगी म्हणजे स्वतःसाठी ठरवलेली भूमिका, किंवा ‘वाद’. क्रियापदाचे साधे रूप, त्याला चिकटून शुगी, मध्ये काहीही नाही. (मासा हा ‘निकु’त धरला जाईलच असे नाही, तो वेगळा सांगा.) खोटे न बोलण्यासारखी जन्मभराची भूमिका असेल तर शिन्जोऽ अधिक शोभतो.

‘शिकवण म्हणजे क्योऽगी.’ क्योऽगी म्हणजे धर्माचा किंवा पंथाचा अधिकृत सिद्धांत. आईची शिकवण, गुरूची शिकवण ही ‘ओशिए’. ती घेणे ‘उकेरु’, पाळणे ‘मामोरु’, उपदेशाने सांगणे ‘तोकु’. बुद्धाची शिकवणही ‘होतोके नो ओशिए’. ओशिए ज्या अक्षराने लिहितात तेच धर्मांच्या नावांत ‘क्योऽ’ होऊन येते: बुक्क्योऽ, किरिसुतोक्योऽ. भांडवलशाहीला ‘शिहोन-शुगी’ म्हणतात म्हणून बौद्ध धर्मालाही शुगी जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

राहिली ‘समानार्थी’ची टीप. हे शब्द समानार्थी कमी, समोच्चारी जास्त. जपानी कीबोर्डवर उच्चाराने क्योऽगी टाइप केले की अक्षरांच्या पर्यायांत क्रीडास्पर्धा, वाटाघाटी आणि ‘संकुचित अर्थ’ हे सगळे येतात. शिन्कोऽ टाइप केले की ‘पुढे सरकणे’, शिन्जोऽ केले की ‘मनातली भावना’. सुटा शब्द टाइप न करता ‘शिन्कोऽ ओ मोत्सु’ असा क्रियापदासकट केला, तर योग्य अक्षरे वर येण्याची शक्यता बरीच वाढते. बोलताना मात्र उच्चार सांभाळा. शुगीतला पहिला स्वर ऱ्हस्वच हवा. लांबवून ‘शूगी’ म्हटलेत तर तुम्ही लग्नाच्या आहेराबद्दल बोलताय.