नदीच्या तोंडाला फेस

घरबसल्या लिक्विड सोपचा धंदा टाकायचाय? मग वाचनात वेळ घालवू नका. ॲसिड स्लरी म्हणजे साबणाचा कच्चा माल, एक जळजळीत ॲसिड. तिच्या पिंपाबरोबर सुरक्षापत्रक मागितलंच आणि मिळालंच, तर घडी करून डुगडुगणाऱ्या पिंपाखाली सारा. पाचर म्हणून उत्तम बसतं.

पहिलं काम कॉस्टिकचं, म्हणजे स्लरीतलं ॲसिड मारणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं. पाण्यात थोडं थोडं कॉस्टिक टाकत ढवळणं ही भित्र्यांची पद्धत. तुम्ही आधी फ्लेक्स ओता आणि वरून तांब्याभर पाणी मारा. पाणी कमी, कॉस्टिक जास्त, त्यामुळे सगळी उष्णता एकाच जागी कोंडते आणि उकळतं कॉस्टिक थेट तोंडावर येतं. भांडं ॲल्युमिनियमचं घेतलंत तर दुधात साखर. कॉस्टिक ते खातं, हायड्रोजन सोडतं, आणि शेजारी गॅसची शेगडी असतेच.

आता स्लरी. नव्वद टक्क्यांच्या १० किलो स्लरीला साधारण दीड किलो कॉस्टिक लागतं. हे ‘साधारण’ म्हणजे नेमकं किती, ते पीएचची पट्टी सांगते, कारण स्लरीतलं सुटं सल्फ्युरिक ॲसिड दर लॉटला बदलतं. पट्टीचे पैसे वाचवा. कॉस्टिक कमी पडलं तर बाटलीत ॲसिड राहील, जास्त पडलं तर कॉस्टिक. दोन्हीकडून सोलवटतील ते भांडी घासणाऱ्या बाईंचे हात, तुमचे नाहीत.

गॉगलही नको. स्लरी डोळ्यात उडालीच तर पदराचा बोळा करून फुंकर घाला. वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं आणि मग दवाखाना गाठायचा, एवढी फुरसत धंदेवाल्याला कुठली?

लेबलवर ‘जंतुनाशक’ छापायचं असेल तर त्याच मिश्रणात बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक ओता. स्लरीचा साबण ऋणभारी, हे धनभारी. दोघं एकमेकांना धरतात, द्रावण गढूळ होतं आणि जंतूही मरत नाहीत, डागही निघत नाहीत. माल पातळ वाटला तर मीठ घाला. मीठ एका हद्दीपर्यंत घट्टपणा आणतं, पुढे तोच माल पाण्यासारखा होतो. गिऱ्हाईक तरीही खूश, कारण फेस म्हणजे स्वच्छता हे त्याला जाहिरातींनी पाठ करून दिलंय.

भरायला कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या स्वस्त पडतात. हिरवा रंग, लिंबाचा वास, आणि घरात तीन वर्षांचं पोर. मीठपाणी पाजून उलटी करवायला शेजारी धावतीलच. उलटीबरोबर फेस फुप्फुसात गेला की काय होतं, ते पुढे डॉक्टर समजावतील.

राहिलं पिंपाचं धुवण. ते नाल्यात सोडा आणि लेबलवर ‘बायोडिग्रेडेबल’ छापा. छापणं तसं खोटंही नाही, गंमत तीच आहे. ज्याच्या रेणूच्या साखळीला फाटे फुटलेले, असं जुनं फेसाचं रसायन जिवाणूंना पचेना, म्हणून युरोपातल्या नद्या फेसाळल्या. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि उद्योग सरळ साखळीच्या रसायनाकडे वळला. तुमच्या स्लरीत तेच आहे. जिवाणू ते खातात, पण ऑक्सिजन असेल तर. काळ्याशार, कुजलेल्या नाल्यात तो नसतोच, तेव्हा तुमचा माल जसाच्या तसा पुढे जातो. सांडपाणी प्रकल्पात एकदम मोठा लोट गेला तर टाकीतून फेस बाहेर येतो आणि पाण्यात हवा मुरणंही मंदावतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ०.२ मिलिग्रॅम डिटर्जंट स्वीकारार्ह मानतं. तुमचं एक पिंप किती विहिरींना पुरेल, याचा हिशेब करू नका, झोप जाते.

स्वस्तात जास्त धुवायचं असेल तर नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट हे मळ काढणारं रसायन घ्या, बाजारात ‘एनपी’ म्हणून मागायचं. ते मोडलं की नॉनिलफिनॉल उरतं, आणि ते माशांच्या शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं सोंग घेतं. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने धुण्याच्या मालात त्याला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्या माशांना कोण विचारतंय?

बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे हवा मिसळते, आणि आळंदीला इंद्रायणीवर पांढरे ढग तरंगतात. त्यात मैलापाण्याचाही वाटा असतो, त्यामुळे बोट दाखवायला तुम्हाला शेजारी मिळतोच. फेस फारच दिसायला लागला तर २०२१ च्या छठपूजेला दिल्लीत यमुनेवर केलं तेच करा, पाण्याचे फवारे मारा आणि बांबूचे अडसर लावा. बुडबुडे फुटतात. रसायन तिथेच राहतं, फक्त फोटोत येत नाही.