गाडीत रेडिओ बसवणे आहे

हॅम रेडिओची, म्हणजे हौस म्हणून स्वतःच्या रेडिओ सेटवरून लांबच्या लोकांशी बोलण्याच्या छंदाची, परीक्षा पास होणं तसं सोपं आहे. ओहमचा नियम, कुठल्या बँडवर काय चालतं, काय बोलायचं नाही, एवढं घोकायचं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या पायरीच्या लायसन्सला, तर मोर्स कोडची कडकट्ट पण लागत नाही. मग दिल्लीहून लायसन्स यायची वाट बघायची आणि तोपर्यंत नातेवाइकांना "येईल, येईल" सांगत राहायचं. पण खरा पेपर गाडीच्या डॅशबोर्डखाली असतो, तिथे डोकं खाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत तो सोडवायचा असतो आणि सुपरव्हिजनला अख्खी सोसायटी उभी असते, हे मात्र कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

गाडीत रेडिओ कशाला, मोबाईल आहे ना, हा प्रश्न घरी येणारच होता, त्यामुळे मी तयारीत होतो. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातले फोन बंद पडले तेव्हा पोर्ट ब्लेअरला आधीच जाऊन बसलेल्या हॅम मंडळींनी आपल्या सेटवरून निरोप पोचवले, ही अगदी खरी गोष्ट बायकोला रंगवून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोथरूडला येणारे का त्सुनामी?" मग मी २००१ चा भूज काढला, तेही जमेना, तेव्हा शेवटचा पत्ता टाकला की अगं राजीव गांधी पण हॅम होते, व्हीयू टू आरजी हा त्यांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव. ती म्हणाली, "असतील, पण वायरिंग करायला ते स्वतः सीटखाली घुसले नसणार."

तर सुरुवात साधीच होती. माझ्याकडे होता पाच वॉटचा हँडी, म्हणजे वॉकीटॉकीसारखा हातात मावणारा सेट. घराच्या गच्चीवर हा पठ्ठ्या मस्त चालतो पण गाडीत बसून दारं लावली की बिचारा मुका होतो, कारण आपण चारही बाजूंनी पत्र्याच्या पिंजऱ्यात असतो आणि दोन मीटर बँडच्या, म्हणजे साधारण दोन मीटर लांबीच्या, लाटेला खिडकीतून बाहेर पडताना अंग चोरून जावं लागतं. उपाय एकच, अँटेना टपावर. आणि तो हँडीच्या डोक्यावरच्या बारीक भोकाला जोडायला एक ॲडाप्टर. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू हो, त्यात काय एवढं.

तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की माणूस आधी तिथेच जातो आणि पार्किंग शोधत शोधत शनिवारवाड्यापर्यंत पोचतो. दुकानदाराला म्हटलं एसएमएचं (हे हँडीवरचं बारीक भोक) एसओ टू थर्टी नाइन (हे अँटेनाच्या जाड केबलचं) करणारं कनेक्टर द्या. तो म्हणाला, "मेल का फीमेल?" मी म्हटलं फीमेल. "रेडिओ मेल आहे का?" हो, रेडिओ मेल आहे. "नक्की? कारण बऱ्याच कंपन्यांचे रेडिओ फीमेल असतात." नाही हो, माझा मेल आहे, मी बघितलंय. मागे रांगेत एक आजोबा टीव्हीचा रिमोट घेऊन उभे होते, त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग त्याने ड्रॉवरमधून जे काढलं ते वायफाय राउटरवालं निघालं, म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटी, ज्यात आटे एका जातीचे आणि मधली पिन दुसऱ्या जातीची. आटे जुळतात झकास, फक्त मधे पिनीसमोर पिनच येते, भोक नाहीच! ते परत दिलं तर त्याने डिश टीव्हीचं एफ कनेक्टर पुढे केलं, "हे घेऊन जा, सगळे हेच नेतात." शेवटी पाठीमागच्या एका बोळकांडातल्या दुकानात, जिथे मालकाशिवाय दुसरा माणूस उभा राहू शकत नाही तिथे, बरोब्बर हवी ती वस्तू मिळाली, आणि त्या मालकाने फुकटात ज्ञानही दिलं की हे घट्ट ॲडाप्टर थेट लावू नका, जाड केबलच्या वजनाने हँडीचं भोकच तुटेल, त्यापेक्षा हातभर बारीक वायरचं पिगटेल घ्या. घेतलं.

करंटसाठी बॅटरी एलिमिनेटर म्हणून एक चीज मिळते. हँडीच्या बॅटरीच्या आकाराचं पोकळ खोकं, त्याची वायर लायटर सॉकेटमध्ये खुपसायची, ते गाडीच्या बारा व्होल्टचे साडेसात-आठ करून देतं. (लायटर सॉकेटमध्ये हल्ली लायटर सोडून सगळं असतं, आमच्याकडे डॅशकॅम, बायकोचा चार्जर, माझा चार्जर अशी आधीच चाळ होती, त्यात हा नवा भाडेकरू.) तर हे सगळं जोडून मी डोंगरावरच्या रिपीटरवरून (आपला आवाज पकडून लांबवर पुन्हा सोडणारा सेट) पहिला कॉल दिला आणि पलीकडून एक जुने जाणते हॅम काका म्हणाले, "आवाज येतोय, पण मागे शिट्टी आहे. तुम्ही तिसऱ्या गिअरवर आहात ना?" मी खाली बघितलं. तिसराच होता!

ही अल्टरनेटरची शिट्टी. इंजिन जोरात फिरलं की ती चढते, हळू झालं की उतरते, आणि सॉकेटच्या वायरीतून सरळ तुमच्या आवाजात मिसळते. काकांना पुढे पुढे माझं ड्रायव्हिंगच ऐकू यायला लागलं, "क्लच सोडा आता" एवढंच म्हणायचे बाकी होते. त्यांचा सल्ला होता, सॉकेटचा नाद सोडा, थेट बॅटरीवरून लाइन घ्या. आता थेट बॅटरीवरूनच लाइन घ्यायची तर मग पाच वॉटच कशाला, पन्नास वॉटचा मोबाईल सेटच, म्हणजे फोन नव्हे, गाडीत कायमचा बसवायचा रेडिओ, का घेऊ नये, हा विचार माझ्या मनात कसा आला ते मला माहीत नाही, पण असे विचार येण्यासाठीच छंद असतात असं माझं मत आहे. घरी मी फक्त "वायर बदलतोय" एवढंच सांगितलं.

पन्नास वॉटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, ते काही त्या सॉकेटच्या केसाएवढ्या वायरीचं काम नाही. चार स्क्वेअरची लाल आणि काळी वायर घ्यायची, दोन्हीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावायचे. फ्यूज सेटसाठी नसतो बरं का, वायरसाठी असतो, उद्या ती कुठे पत्र्याला घासून सोलली गेली तर आधी फ्यूज उडावा, गाडी नाही. हे सगळं ठीक. पण बॅटरी बॉनेटखाली आणि रेडिओ केबिनमध्ये, आणि दोघांच्या मधे एक लोखंडी पत्रा, ज्याच्यातून वायर न्यायला जागा शोधणं हे या पृथ्वीवरचं सगळ्यात चिवट काम आहे. ड्रिल मारायचं नाही, पलीकडे काय आहे ते दिसत नाही, ब्रेकचा पाइप असू शकतो. कंपनीने आपल्या वायरी नेल्यात ते रबरी ग्रोमेट शोधायचं, त्याला छोटी चीर द्यायची आणि तिथून आपली वायर सरकवायची. ऐकायला कसं छान वाटतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की सोसायटीत न बोलावता मीटिंग भरते. मी सीटखाली, गिअरचा दांडा बरगडीत, तोंडात टॉर्च, आणि बाहेरून आवाज, "वॉरंटी गेली आता." हे दुसऱ्या मजल्यावरचे काका. "एअरबॅग आहे हां तिथे, उडेल." हे तळमजल्यावरचे. "आमच्या जावयाने मोबाईलवरच वॉकीटॉकीचं ॲप टाकलंय, फुकट." हे कोण होतं बघायला मान वळत नव्हती. दहा नंबरचा पाना जगाच्या नियमानुसार हरवलेला. तो सापडल्यावर आधी निगेटिव्ह टर्मिनल काढली, तर घड्याळ बारावर गेलं आणि खिडकीची काच एका टचमध्ये वर जायची ती विसरून गेली. मग घरात एक सायकलची स्पोक सापडली, तिच्या टोकाला वायर टेपने गुंडाळली आणि बॉनेटच्या केबलशेजारच्या ग्रोमेटमधून आत ढकलायला लागलो. केबिनमध्ये जाऊन बघावं तर काही नाही, इंजिनकडे यावं तर अर्धी गायब, म्हणजे ती मधल्याच कुठल्यातरी दुनियेत हिंडत होती. दुपार झाली, मीटिंग जेवायला गेली, आणि कोणी बघायला नाही असं बघून ती टोकदार बया बरोब्बर ॲक्सिलरेटरच्या वर बाहेर आली. टाळ्या वाजवायला एक माणूस नाही हो!

अँटेनाचं मात्र लगेच झालं. साधारण अर्धा मीटरची काडी, खाली लोहचुंबक, टपाच्या मध्यावर ठेवली की पत्राच तिची जमीन होतो आणि एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा) काटा गपगुमान खाली येतो. केबल मागच्या दाराच्या रबरातून आत. पावसात पाणी तिच्यावरून ओघळत आत येतं, म्हणून बाहेर तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथेच गळतात. काडी लागल्यापासून वॉचमन मला सॅल्यूट करायला लागला. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही. बेसमेंटच्या बीमला मात्र माझ्या हुद्द्याचं काही नाही, तो रोज टण्णकन वाजवतो.

मग एका संध्याकाळी बायकोला घेऊन चांदणी चौकाच्या पुढे गेलो, गाडी बाजूला लावली आणि कॉल दिला. लगेच काकांचं उत्तर, "फाइव्ह नाइन, एकदम स्वच्छ! शिट्टी गेली हो तुमची!" फाइव्ह नाइन म्हणजे आवाजाला पैकीच्या पैकी मार्क. मी बायकोकडे बघितलं. म्हटलं आता ऐक, कसं लांबलांबच्या लोकांशी बोलणं होतं ते. काका म्हणाले, "वायर कुठून काढलीत? ओव्हर." मी ग्रोमेटचं सांगितलं. "डावीकडचं का उजवीकडचं? ओव्हर." तेवढ्यात "ब्रेक, ब्रेक" करत तिसरे एक आले, त्यांच्या गाडीत म्हणे क्लचच्या वर आयती जागा आहे. मग चौथे आले, ते मागच्या जन्मी ग्रोमेटच असावेत इतकी त्यांना माहिती, डिझेलच्या मॉडेलमध्ये ते वेगळं असतं, ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं भोक मोकळंच मिळतं, वगैरे. अंधार पडला तरी अख्खं पुणे त्या एका रबराभोवती. शेवटी काकांनी विचारलं, आत ढकलायला काय वापरलंत, ओव्हर. मी माईक दाबला आणि म्हटलं, सायकलची स्पोक.

"आणि ती कुणाच्या सायकलची काढलीस ते पण सांग," शेजारून आवाज आला, "पोरगी आठवडाभर चालत जातीये क्लासला, आणि त्या वायरच्या पलीकडे नवीन सेट पण दिसतोय मला, त्याची पावती कुठे आहे?"

माईक अजून दाबलेलाच होता. सोडला.

"मॅडम," काका म्हणाले, "तुम्ही पण फाइव्ह नाइन. ओव्हर."