गच्ची कुणाची, सबसिडी कुणाला?

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी चार मजली इमारत, गच्ची गळते म्हणून वर पत्रे, आणि खजिनदार अस्मादिक. विषय सोलरचा. मी वहीतला हिशोब वाचला. ५ किलोवॉटला पाचेकशे चौरस फूट जागा, दिवसाला सरासरी वीस युनिट (पावसाळ्यात फार आशा नको). पंप आणि जिन्याचे दिवे त्यात भागतात. पीएम सूर्यघर योजनेतून (गच्चीवरच्या सोलरला केंद्राची सबसिडी) सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये, म्हणजे ९० हजार सरकारकडून.

पहिला प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. "मग माझ्या कुरडया कुठे वाळत घालू?" सगळे हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. सांगाडा उंच केला तर खाली जागा राहते, खर्च मात्र वाढतो. त्यानंतर मागून आवाज आला, "आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर?" यावर माझ्या वहीत काहीच नव्हतं. पॅनल पंचवीस वर्षं चालतं. आमची इमारत किती, ते बिल्डर जाणे. विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "दादा, सोलर लावलं की बिल शून्य येतं म्हणे?" त्या किसन नगरला भाड्याने राहतात. बिल त्यांच्या नावावर येतच नाही. तीन खोल्या मिळून मालकाचा एक मीटर, आत सबमीटर, आणि युनिटला मालक सांगेल तो भाव. महावितरणचे पहिले १०० युनिट सगळ्यात स्वस्त, त्यापुढे ३०० पर्यंत महाग, मग आणखी महाग. प्रत्येक घर एकेकटं शंभरच्या आत बसलं असतं. तिघांचं एकाच मीटरवर मोजलं की स्वस्ताईचे शंभर युनिट तिघांत मिळून एकदाच.

इकडे बंगलेवाल्याला त्याच योजनेतून ३ किलोवॉटला ७८,००० रुपये. त्याने घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, माझा बंगला असता तर मीही पहिल्याच दिवशी अर्ज केला असता. पण ७५ हजार कोटींची योजना गच्चीला बांधली, की ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याची गच्ची आहे तो आपोआप बाहेर. शिवाय बंगलेवाल्याला रात्री ग्रिडच, म्हणजे वीज कंपनीचं जाळंच लागतं. तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च कुठे जात नाही, फिरून उरलेल्यांच्या बिलात येतो.

दिल्लीत २०१९ पासून व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम आहेत. पॅनल एका जागी, युनिट अनेकांच्या बिलात वजा. आपल्याकडे महापालिकेच्या शाळांच्या गच्च्या आहेत, त्यांवरची वीज आधी छोट्या मीटरना द्या. फक्त त्यासाठी मावशींकडे स्वतःचा मीटर हवा.

ते मी त्यांना म्हटलंसुद्धा. भांडं विसळता विसळता म्हणाल्या, "मागितला होता. मालक म्हणाला, मीटर घे आणि खोली सोड."