माशी कुठे शिंकली

मालवणहून कुणाचा फोन आला आणि "सध्या काय चाललंय?" असं विचारलं, की मी खरं ते सांगतो : "माशा बांधतो." पलीकडे थोडी शांतता पसरते. मग दबक्या आवाजात प्रश्न येतो, "नोकरी गेली काय रे?"

नोकरी आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले किडे काढतो आणि रात्री तळघरात बसून पिसं, केस आणि दोरा यांचे नवे किडे करतो. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावायची नाही. खोटी माशी बांधायची आणि ट्राउट नावाच्या माशाला ती खरी वाटेल अशी अलगद पाण्यावर टाकायची. मराठीत सांगताना माशी आणि मासा यांचा इतका गोंधळ होतो, की मधेच समोरचा "थांब, कोण कुणाला खातं?" असं विचारतो.

आमच्याकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं तर एक तंगूस (नायलॉनची दोरी), एक गरी (गळ), शिशाचा गोळा आणि कोळंबीचा तुकडा. आजोबा दुपारी चहा पिऊन धक्क्यावर जायचे आणि दिवेलागणीला दोन तांबोशी घेऊन यायचे. सगळ्या सामानाची किंमत त्यांच्या विडीच्या बंडलाएवढी. त्यांचा नातू मी. मला वाटलं, रक्तातच आहे, शिकायचं काय त्यात?

इथे सगळा कारभार उलटा आहे हे पहिल्या दिवशी दुकानातच कळलं. "रॉड किती वेटचा देऊ?" असं विचारल्यावर मी म्हटलं, "हलकाच द्या, हात दुखतो." दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं. रॉडवर लिहिलेलं वजन रॉडचं नसतं. ते दोरीचं असतं! आपल्याकडे शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्या मागून ओढली जाते. पण पिसाच्या माशीला वजन कुठलं? म्हणून इथे दोरीच जाड आणि जड करतात, ती हवेत मागे-पुढे फेकतात आणि तिच्या शेपटाला धरून माशी जाते. पाच नंबरच्या दोरीचं पहिलं ३० फूट १४० ग्रेन भरलं पाहिजे असं ठरलेलं आहे. म्हणजे साधारण ९ ग्रॅम. जुन्या हिशेबाने पाऊण तोळा. आठ नंबरची २१० ग्रेन. घरी येऊन मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या पैशात पाऊण तोळा खरंच आला असता."

गळाचे नंबर त्याहून उलटे. १८ नंबरचा गळ १४ नंबरच्या गळापेक्षा लहान. आकडा उतरत जाईल तसा गळ मोठा. उतरत उतरत एकावर आलो की वाटतं, संपलं. तर पुढे १/०, मग २/०. आमच्या गणिताच्या गुरुजींनी शून्याने भागायला निघालेल्या पोराला अंगठे धरून उभं केलं होतं; इथे तसले गळ डबीत मिळतात. टोकाला बांधायच्या बारीक धाग्याचं तर विचारूच नका. ५एक्स म्हणजे अकरातून पाच वजा करा, उरले सहा, म्हणून जाडी इंचाचे सहा हजारांश. पावकी-निमकी पाठ असलेला माणूसही इथे घाम पुसेल.

तरी हे सगळं विकत घेता येतं. माशी बांधणं हे खरं संकट.

टेबलाला एक छोटा शेगडा लावायचा, त्यात गळ पकडायचा आणि दोऱ्याने एकेक वस्तू त्यावर गुंडाळायची. माझी पहिली माशी सशाच्या कानाच्या केसांची. केस चिमटीत घेऊन मेण लावलेल्या दोऱ्यावर पिळायचे, म्हणजे त्याची किड्यासारखी लवदार दोरी होते. माझ्या चिमटीत केस बोटांना चिकटत, दोऱ्याला नाही. चुकून चिकटलेच तर गळाच्या नेढ्यापर्यंत मी इतकं सामान कोंबलेलं असे, की शेवटची गाठ मारायला जागाच उरत नसे. जबरदस्तीने मारायला जावं तर दोरा तुटे आणि अर्ध्या तासाची माशी स्प्रिंगसारखी उलगडून पुन्हा केस, पीस आणि गळ अशी सुटी होई. तेवढ्यात मला शिंक आली तर केसही जात. माशी शिंकली म्हणजे काय होतं हे मला नेमकं माहीत नाही. पण माशी बांधणारा शिंकला की काय होतं ते मी सांगू शकतो.

गाठीवर लावायचा रोगण संपला म्हणून बायकोचं नेलपॉलिश वापरलं. गुलाबी डोक्याच्या त्या माशांकडे एकाही ट्राउटने पाहिलं नाही. बायकोने मात्र लगेच पाहिलं. मोराच्या पिसातल्या हिरव्या तंतूंनी किड्याचं अंग फार छान चमकतं. ते कुठून आणले हे गोकुळाष्टमीच्या दिवशी उघडकीला आलं. आमच्या बाळकृष्णाच्या मुकुटात तेव्हा पिसाचा नुसता दांडा उभा होता.

पण पिसांच्या वेडात मी अगदीच किरकोळ. इंग्लंडमध्ये ट्रिंग नावाच्या गावात निसर्गविज्ञानाचं संग्रहालय आहे. २००९ साली एका बासरी शिकणाऱ्या पोराने तिथली खिडकी फोडून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. का? तर सामन (सॅल्मन) माशासाठी जुन्या पद्धतीच्या माशा बांधणाऱ्यांना त्यातली दुर्मीळ पिसं हवी असतात. त्या जुन्या माशांत एक 'इंडियन क्रो' लागतो. तो ना इंडियन, ना क्रो, दक्षिण अमेरिकेतला पक्षी आहे. खरा आपला आहे तो 'जंगल कॉक'. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचा थेंब पडल्यासारखे पिवळट ठिपके असतात आणि त्यांचे माशीला डोळे करतात. चित्र पाहिलं आणि ओळखलं : अरे, हा तर आपला सह्याद्रीतला रानकोंबडा! आंबोलीच्या घाटात पहाटे आरवणारा. भारतातून त्याची पिसं बाहेर न्यायला कधीचीच बंदी आहे, आणि असूदे. त्याच्या मानेवरच शोभतात ती.

नदीवर जरा हात बसल्यासारखा वाटला आणि मला समुद्राची आठवण झाली. ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्याच सँडी हुकच्या किनाऱ्यावर पट्टेरी बास नावाचे मासे येतात. मालवणचा माणूस आणि समुद्राला घाबरतो? तिथे आठ किंवा नऊ नंबरचा रॉड लागतो हे वाचलं होतं. पण मासा तो मासा, म्हणून पाच नंबरचाच घेऊन गेलो. टोकाला क्लाउझर मिनो. पेन्सिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहॅना नदीतल्या बाससाठी १९८०च्या दशकात ही माशी काढली. हरणाच्या शेपटीचे केस आणि समोर शिशाचे दोन डोळे. बांधायला सोपी म्हणून माझी लाडकी. पण ते डोळे जड आणि माझी दोरी हलकी. त्यात वारा उजवीकडून, आणि माझाही उजवाच हात. पहिली फेक कशीबशी गेली. दुसऱ्या फेकीला माशी पुढे गेलीच नाही. ती माझ्या उजव्या कानाच्या पाळीत होती.

शेजारचा म्हातारा गरवणारा शांतपणे आला. त्याने गळाच्या वाकात जाड धाग्याचा फास घातला, दुसऱ्या हाताने गळ कानावर दाबून धरला आणि म्हणाला, "तीन म्हटलं की ओढतो." त्याने दोनला ओढला. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवला असता तर हे सोपं गेलं असतं, असंही त्याने नंतर सांगितलं. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात ते उगाच नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी आलो आणि त्या नादात रीळ गोड्या पाण्याने धुवायचं विसरलो. पंधरा दिवसांनी ते असं गच्च बसलं होतं, की हलवायला कानशिलं लाल होईपर्यंत जोर लावावा लागला.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी आई सहा महिन्यांसाठी आली. एका रात्री तळघरात उतरली आणि माझी चिमटीतली झटापट बघत उभी राहिली.

"वात वळूक येणा नाय तुका? हय दी."

तिने दोरा ताणून धरला, चिमूटभर केस घेतले, अंगठा आणि तर्जनी एकदाच फिरवली. दोऱ्यावर केस असे बसले, जणू तिथेच उगवले होते. चाळीस वर्षं देवापुढे वाती वळलेला हात. इतके महिने मला जमलं नव्हतं ते तिने पाच मिनिटांत सहा वेळा केलं. आणि शेवटची गाठ? गजरा बांधताना मारतात तीच, दोनदा.

"लोकर बरी मऊ हा रे."

"लोकर नाही ती. सशाच्या कानाचे केस."

आईने दोरा सोडला, वर गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. "आधी सांगूक काय झाला तुका?" एवढंच बाथरूममधून ऐकू आलं.

एप्रिलमध्ये तिला रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेवर केन लॉकवूड गॉर्ज नावाच्या घळीत घेऊन गेलो. नवऱ्यामुलासारखा सजलो होतो : छातीपर्यंतची रबरी विजार, खिशाखिशांचं जाकीट, गळ्यात परवाना. आई शाल पांघरून दगडावर बसली. तिच्या सहांपैकी एक माशी लावली. चौथ्या की पाचव्या फेकीला दोरी थबकली, मी रॉड उचलला, आणि पाण्याखाली काहीतरी पिवळं वळवळलं. दहा इंचांचा ट्राउट. अंगावर लाल ठिपके. मी ओल्या हाताने तो धरला, आईला दाखवला, गळ सोडवला आणि तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरला. दोन कल्ले हलले आणि तो गेला.

मागे वळून पाहिलं तर आई उभी राहिली होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंड उघडलेली.

"मासो खंय?"

"सोडला, आई. इथे सोडायचाच असतो."

गाडीत ती एक शब्द बोलली नाही. एडिसनला पोचल्यावर भारतीय दुकानापाशी तिने मला गाडी थांबवायला लावली. स्वतः उतरली नाही. ती पिशवी माझ्या हातात दिली.

"दोन पापलेटां घेवन ये. आनी वाटेत सोडू नको."