मावशी, बॅटरी तुला नाकारत नाहीये

गेल्या महिन्यात लालबागला मावशीकडे गेले, तर ती डावा हात पोटाशी घट्ट धरून बसलेली. पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं बॅटरीवरचं यंत्र, बसवून साडेतीन आठवडे झाले होते. वेणी शेजारच्या काकू घालून देत होत्या. "दुखतंय का गं?" विचारलं तर म्हणाली, "दुखणारच. शरीर घेत नाहीये ना बॅटरी." हे कुणी सांगितलं, तर तिने फोनच पुढे केला.

'पेसमेकरच्या पेशंटनी जरूर वाचा.' खाली सही 'एक हृदयरोगतज्ज्ञ', नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: पंधरा दिवसांनंतरही दुखत असेल तर शरीर यंत्र नाकारतंय असं समजा, त्या बाजूचा हात तीन महिने हलवू नका, वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, ठोके बिघडतात, कोमट तिळाच्या तेलाने जखमेभोवती चोळा, वर हळदीचा लेप द्या, मोबाइल, मिक्सर आणि लोकल कायमची बंद. हाच फॉरवर्ड माझ्या सासरच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. मी न वाचता सोडून दिला होता, ही माझी चूक. आता वाचलाय.

नाकारण्याचं आधी बघू. बदलून बसवलेली किडनी दुसऱ्याची असते, ती शरीर नाकारू शकतं. पेसमेकरचं कवच टायटॅनियमचं असतं. त्याची ॲलर्जी क्वचित कुणाला होते, पण 'पंधरा दिवस दुखलं म्हणजे नाकारलं' असा काही हिशेब नाही. शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला. तो काही तासच चालला. त्यानंतर वीसहून जास्त बदलले, आणि लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. गेले तेही कॅन्सरने.

मग दुखतं कशाने? गळपट्टीच्या हाडाखाली दोन-अडीच इंचांचा छेद घेतात, स्नायूवर कातडीखाली खिसा करतात आणि त्यात यंत्र ठेवतात. तिथून शिरेतून वायर हृदयात जाते. हे भरून यायला काही आठवडे लागतात. मधूनच चमक येते, खाज सुटते, आजूबाजूची कातडी बधिर लागते. बारीक माणसाला यंत्राची कड बोटाला लागते. मावशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जी एकाही पुरुष नातेवाइकाच्या लक्षात आली नाही: पेसमेकर बहुतेकदा डाव्या बाजूला बसवतात, आणि साडीचा पदर, त्याची पिन आणि आतला पट्टा हे सगळं त्याच खांद्यावर येतं. दिवसभर जखमेवर घासत होतं. पुढून बटणांचा सैल गाऊन घातल्यावर निम्मी कुरकुर संपली.

आता हाताकडे येते, कारण खरं नुकसान इथे झालंय. डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ होती: 'हात खांद्याच्या वर नेऊ नये.' बरोबरच आहे ती. वायरचं टोक हृदयात पक्कं बसेपर्यंत हात वर ताणला तर ते सरकू शकतं. पण त्या ओळीपुढे जी जागा रिकामी राहिली, ती या फॉरवर्डने भरली. वर नेऊ नका म्हणजे हलवूच नका, काही आठवडे म्हणजे तीन महिने.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने, यावर साध्या भाषेत लिहिलंय. ऑपरेशनच्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे वर नेऊ नका, आणि उदाहरण काय दिलंय तर कपडे वाळत घालणं! तिकडेही दोरीच दिसते. मावशीच्या छताला टांगलेल्या बांबूला ते अगदी लागू पडतं. ते काम सहा आठवडे भाच्याचं. पण त्याच्याच पुढे लिहिलंय की हात हळूहळू हलवत राहा, नाहीतर खांदा आखडेल. फ्रोझन शोल्डर. मावशीला नेमकं तेच होऊ लागलं होतं. खांदा उचलून धरल्यामुळे मान धरली, मग पाठ, आणि ते सगळं दुखणं तिने बॅटरीच्या खात्यावर मांडलं. डॉक्टरांनी तपासलं. जखम स्वच्छ, वायर जागेवर. म्हणाले, हात खाली सोडा, कोपरातून हलवा, कणीक मळा, चहा गाळा, फक्त खांद्याच्या वर नको. झोपताना दंडाखाली उशी घ्या.

तेल आणि हळद. इथे मात्र माझा संयम संपतो. हा सल्ला देणाऱ्याने एका क्षणात दोन संकटं बोलावलीत. जखमेभोवती गोल-गोल चोळल्याने आतलं यंत्र खिशातल्या खिशात फिरू शकतं. काही पेशंट सवयीने ते बोटांनी चाळवत राहतात, तेव्हा वायर फिरकीवरच्या मांजासारखी गुंडाळली जाऊन हृदयातून ओढली जाते. याला डॉक्टरांच्या भाषेत नावसुद्धा आहे, ट्विडलर्स सिंड्रोम. दुसरं संकट जंतूंचं. तिथे रक्त साकळून फुगलं तरी डॉक्टर सहसा सुई घालून ते काढत नाहीत, कारण सुईबरोबर जंतू आत जातील. आणि आपण स्वयंपाकघरातली हळद लावायची? खिशात जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, बहुतेकदा यंत्र आणि वायर दोन्ही काढावी लागतात. मावशीने तेल कोमट केलं होतं. लावलं नव्हतं, कारण एका हाताने बाटलीचं झाकण उघडेना. त्या झाकणाचे उपकार.

गोळ्यांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून नाइलाजाने मान्य करते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या हृदय कमजोर असलेल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी मनाने घेऊ नयेत. कोपऱ्यावरच्या केमिस्टला 'दुखण्यावर काहीतरी द्या' म्हणू नये ते यासाठी. पण कुठलीही वेदनाशामक गोळी पेसमेकरची बॅटरी बिघडवत नाही, आणि पॅरासिटामॉल तर डॉक्टरांनीच लिहून दिलेली होती. पाकीट जवळजवळ भरलेलं सापडलं. दुखतं म्हणून हात हलत नाही, हलत नाही म्हणून आणखी दुखतं, हे चक्र त्या दीड-दोन रुपयांच्या गोळीने पहिल्याच आठवड्यात तुटलं असतं.

मोबाइल-मिक्सर पटकन उरकते. मिक्सर हातभर अंतरावर खुशाल चालवा. फोन यंत्रापासून सहा इंच लांब आणि उजव्या कानाला. म्हणजे ब्लाउजमध्ये फोन खोचायची सवय सोडावी लागेल, मावशी, तेवढं त्यांचं बरोबर आहे. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र दोन फूट लांब. मेट्रोच्या दारात पेसमेकरचं कार्ड दाखवायचं आणि डिटेक्टर छातीवर रेंगाळू द्यायचा नाही. लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात हे खरंय, पण पेसमेकरवाल्यांना लोकलबंदी नाही. भीती बाळगायची तर गर्दीची: कुणाची सॅक जखमेवर आदळेल याची, आणि डाव्या हाताने वरची कडी धरायची नाही, कारण ती खांद्याच्या वर आहे. दीड महिना दुपारची गाडी, बसायला जागा असेल तेव्हाच.

दुखण्यात घाबरायचं कधी, हे त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, जखम लाल-गरम झाली, पू-पाणी आलं, ताप आला, हात सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. न थांबणारी उचकी लागली तरीही. वायर सरकल्याची ती खूण असू शकते. चक्कर आली, दम लागला किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर वाट न बघता सरळ इस्पितळ.

परवा मावशीचे सहा आठवडे पूर्ण झाले. खांदा अजून पूर्ण सुटलेला नाही, फिजिओथेरपी चालू आहे. रविवारी वेणी तिने स्वतः घातली, जरा उजवीकडे कललेली. हे ग्रुपवर टाकू का विचारलं, तर म्हणाली, "टाक. पण लहान कर, एवढं कोण वाचतंय!"