फरारी माणसाचं अपील आणि फॉरवर्ड झालेला अर्धा कायदा

जन्मठेपेचा कैदी अपील दाखल करतो, हायकोर्टातून जामीन मिळवतो आणि परागंदा होतो. इकडे त्याचा वकील मात्र अपील चालवत राहतो. अशी बातमी आली की तिच्याखाली एक मजकूर हमखास चिकटवलेला दिसतो. त्याचा गोषवारा असा: माणूस फरार झाला त्याच दिवशी त्याचा अपिलाचा हक्क संपतो, वकिलाला त्याच्या वतीने उभं राहता येत नाही, कोर्टं लाड करतात म्हणून फरारी निर्धास्त असतात, अमेरिकेत असलं अपील सरळ फेकून देतात, आणि आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने हे बंद झालेलं आहे.

यातला राग खरा आहे आणि तो मला समजतो. कायदा मात्र अर्धामुर्धा आहे, आणि अर्धा कायदा वाचून माणूस ठामपणे बोलतो तेव्हा फार पंचाईत होते.

पहिला मुद्दाच घ्या. ‘हक्क संपतो’ हे कुठल्या कलमात लिहिलंय? शिक्षेविरुद्धचं अपील फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. दोन्हीकडे फरार होण्याने हक्क बुडतो असं एक अक्षर नाही. अपील दाखल करून घेतलं की पुढे कोर्टाने काय करायचं, ते जुन्या ३८६ आणि नव्या ४२७ मध्ये येतं: रेकॉर्ड वाचायचं, अपीलकर्ता किंवा त्याचा वकील हजर असेल तर त्याचं ऐकायचं आणि निर्णय द्यायचा. ‘हजर असेल तर’ ही अट ऐकण्याला आहे, वाचण्याला नाही. कोणी आलं नाही तरी रेकॉर्ड वाचण्यातून सुटका नाही.

याच प्रश्नावर एकदा गोंधळ झाला होता. सुप्रीम कोर्टाच्याच १९८७ च्या राम नरेश यादव निकालात म्हटलं होतं की वकील गैरहजर असेल तर अपील चालवलं नाही म्हणून निकाली काढता येईल. १९९६ मध्ये बानी सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते खोडून काढलं. अपीलकर्ता आणि वकील दोघेही गैरहजर असले तर कोर्टाने तारखेवर तारीख देत बसण्याची गरज नाही, पण गैरहजेरीच्या कारणावर अपील फेटाळताही येत नाही. रेकॉर्ड आणि खालच्या कोर्टाचं निकालपत्र वाचून गुणवत्तेवर, म्हणजे पुरावा शिक्षेला पुरतो का हे पाहून, निकाल द्यायचा. हवं तर सरकारी खर्चाने वकील नेमायचा.

बानी सिंह प्रकरण फरारीचं नव्हतं, फक्त गैरहजेरीचं होतं, असा बचाव कोणी करेल. त्यासाठी १४ जुलै २०२२ चा धनंजय राय विरुद्ध बिहार सरकार हा निकाल आहे. पाटणा हायकोर्टाने, अपीलकर्ता फरार आहे म्हणून, त्याचं दाखल करून घेतलेलं अपील फेटाळलं होतं. सुप्रीम कोर्टात ते न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांच्यासमोर आलं. ओक हे ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करून मुंबई हायकोर्टात न्यायाधीश झालेले; फौजदारी अपिलांचे ढीग त्यांनी जवळून पाहिलेले. निकालात म्हटलंय की हायकोर्टाची चीड समजण्यासारखी आहे, पण पळून जाणं हे गुणवत्तेत न शिरता अपील फेटाळण्याचं कारण होऊ शकत नाही. प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी परत पाठवलं गेलं.

असं का, याचं उत्तर फॉरवर्ड करणाऱ्यांना हवंच नसतं. अपिलात परीक्षा असते सत्र न्यायालयाच्या निकालपत्राची. साक्षीदार विश्वासार्ह होते का, पंचनामा टिकतो का, ओळख परेड नियमाने झाली का, या प्रश्नांची उत्तरं आरोपी दुबईत आहे की येरवड्यात यावर बदलत नाहीत. एकाच पुराव्यावर चौघांना शिक्षा झालीय असं धरा. तिघं तुरुंगात, चौथा पळालेला. तिघांच्या अपिलात कोर्टाला कळलं की एकमेव प्रत्यक्षदर्शी खोटा होता, तिघं सुटले. चौथ्याचं अपील न वाचता फेटाळलेलं असेल, तर त्याच खोट्या साक्षीवर त्याची जन्मठेप मात्र कायम! १३ सप्टेंबर २०२३ च्या जावेद शौकत अली कुरेशी निकालात सुप्रीम कोर्टाने याच्या नेमकं उलट केलं: पुरावा तोच असेल तर सुटकेचा फायदा, ज्याची याचिका आधीच फेटाळली गेली होती त्या सहआरोपीलाही दिला.

विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं फॉरवर्डमध्ये नाहीच, म्हणून मीच मांडतो. २०१३ च्या सूर्य बक्ष सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अपील करायचं, जामीन घ्यायचा आणि गायब व्हायचं, या खोडीवर कडक शब्दांत बोट ठेवलं होतं. ते अगदी योग्य होतं. पण ते दोन न्यायमूर्तींचं पीठ होतं आणि बानी सिंह तीन न्यायमूर्तींचं. शिवाय खोडीला शिक्षा करणं वेगळं आणि फाईल न वाचणं वेगळं.

आता वकील. आरोपी पळाला की वकीलपत्र आपोआप रद्द होतं, असं सांगणारं कलम नाही. पळण्याआधी सही करून दिलेल्या वकीलपत्रावर वकील युक्तिवाद करू शकतो. अशील संपर्कातच नाही म्हणून त्याने अंग काढून घेतलं, तर कोर्ट विधी सेवेच्या यादीतून दुसरा नेमू शकतं. मात्र शिक्षा होऊन पळालेल्या माणसाचं नवं अपील त्याच्या भावाने किंवा बायकोने सांगितलं म्हणून वकिलाने दाखल करावं, हे चालत नाही. अपील करायचा अधिकार दोषी ठरलेल्याचा आहे, त्याच्याकडून अधिकारपत्र हवं. इथे फॉरवर्डवाल्यांच्या शंकेत थोडं तथ्य आहे, एवढं मान्य.

‘निर्धास्त असतात’ हे तर कोर्टाच्या बोर्डावरचं, म्हणजे त्या दिवशीच्या यादीतलं, एखादं प्रकरण पाहिलं तरी टिकत नाही. पुकारा होतो, वकील सांगतो ‘नो इन्स्ट्रक्शन्स’, म्हणजे अशिलाकडून काही सूचना नाहीत. कोर्ट अजामीनपात्र वॉरंट काढतं. पोलीस ठाण्यातून अहवाल येतो: ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ मग जामीनदाराला नोटीस निघते, आणि ज्या बिचाऱ्या मामाने सातबारा लावून जामीन घेतलेला असतो त्याच्यावर जामीनपत्राची रक्कम भरायची पाळी येते. शिक्षेची स्थगिती रद्द होते. त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली जाहीरनामा, ८५ खाली मालमत्तेची जप्ती. जामिनावर सुटून हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा. जाहीरनाम्याला दाद न देणं कलम २०९ खाली, आणि गंभीर गुन्ह्यात फरारी घोषित झाला असेल तर सात वर्षांपर्यंत कैद. अपील चालू असणं म्हणजे अटकेपासून संरक्षण नव्हे. वॉरंट आणि अपील दोन्ही एकाच वेळी जिवंत असतात. वॉरंट बजावलंच जात नाही, ही तक्रार असेल तर ती रास्त आहे, पण तिचा पत्ता पोलीस ठाण्याचा आहे, अपील कोर्टाचा नाही.

हा गैरसमज येतो कुठून, याचा माझा अंदाज: सुप्रीम कोर्टाच्या नियमांतून. कैदेची शिक्षा झालेल्या माणसाची विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारा अर्ज), तो शरण आल्याचा दाखला जोडल्याशिवाय तिथे नोंदवूनच घेत नाहीत. सूट हवी तर वेगळा अर्ज करावा लागतो. काही हायकोर्टांत पुनरीक्षण अर्जालाही (खालच्या कोर्टाचा निकाल तपासून पाहा, अशा विनंतीलाही) असा नियम आहे, आणि झारखंडचा तसा नियम २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला. पण ही दारं अनुमतीची आहेत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरचं पहिलं अपील हा हक्क आहे.

अमेरिकेचं उदाहरण निम्मं बरोबर. १९७० च्या मॉलिनारो प्रकरणात तिथल्या सुप्रीम कोर्टाने फरारी अपीलकर्त्याचं ऐकायला नकार दिला, ती परंपरा १८७६ पासूनची आहे. पण १९९३ च्या ओर्टेगा-रॉड्रिग्ज निकालात त्याच कोर्टाने, अपिलाआधीच पकडून आणलेल्याचं अपील केवळ जुन्या पळण्यापायी सरसकट फेटाळू नका, असं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. आणि जग म्हणजे फक्त अमेरिका का? त्याच १९९३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने पॉइत्रिमोल विरुद्ध फ्रान्स या प्रकरणात, वॉरंटला शरण आला नाही म्हणून अपील अग्राह्य ठरवणं ही प्रमाणाबाहेरची शिक्षा आहे, असं ठरवलं.

राहिला नवा कायदा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ मध्ये फरारी घोषित झालेल्या आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवता येतो. त्याआधी आरोप निश्चित होऊन नव्वद दिवस जावे लागतात, दोन वॉरंटं, वृत्तपत्रात जाहिरात, नातेवाइकांना कळवणं, घरावर नोटीस डकवणं, असं बरंच करावं लागतं. अशा खटल्यातल्या निकालाविरुद्ध अपील करायचं तर फरारीने अपील कोर्टात स्वतः हजर व्हायला हवं, असं पोटकलम ७ सांगतं. म्हणजे संसदेला ही अट घालायची होती तिथे तिने ती स्पष्ट शब्दांत घातली. हजर राहून खटला लढलेल्या आणि अपील प्रलंबित असताना पळालेल्या माणसासाठी कलम ४२७ आहे, आणि त्यात ती घातलेली नाही.

खरं तर कलम ३५६ मध्ये भांडायचं असेल तर वेगळीच ओळ आहे. निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं उलटली की शिक्षेविरुद्ध अपीलच नाही, मग माणूस चौथ्या वर्षी स्वतःहून येऊन उभा राहिला तरी. ज्याच्यापर्यंत नोटीस कधी पोचलीच नाही, दरम्यान परराज्यात मजुरीला गेलेला आणि गावच्या पत्त्यावर ‘मिळून न आलेला’, अशा माणसाचं काय करायचं?