म्हणे, पितळ करंट शोषून घेतं

काल आत्याचा फोन आला. वाईच्या वाड्यातली हंडी, म्हणजे काचेचा गोल, वर पितळी टोपी, तीन साखळ्या, ती आता फ्लॅटच्या हॉलमध्ये लोखंडी स्टँडला टांगून प्लगला लावायचीय. आणि मी सांगितलेली तीन कोअरची वायर (तिसरी तार अर्थिंगची, गळणारा करंट जमिनीत नेणारी) तिला नकोय. का? "अगं, मेसेजमध्ये लिहिलंय ना, जुनं पितळ शुद्ध असतं, करंट शोषून घेतं, अर्थिंग लागत नाही. शंभर वर्षं चाललेच की दिवे!"

"आजोबांचे दिवे घरीच नवे करा" हा तो मेसेज. एव्हाना तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल.

आत्या, तुझ्या प्लगच्या पिना कशाच्या आहेत बघ. पितळेच्याच. पितळ करंट शोषत बसलं असतं तर तुझा मिक्सर कधी फिरलाच नसता. तांब्याच्या पाव पट का होईना, पण पितळ वीज आरामात वाहून नेतं, शुद्ध असो की भेसळीचं (आणि पितळ म्हणजे मुळातच तांबं अधिक जस्त, त्यात शुद्ध ते काय?). हंडीत फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर सोलली जाऊन टोपीला टेकली की टोपी, साखळ्या, स्टँड सगळं 230 व्होल्टवर, आणि दिवा मात्र छान लागलेला, कुणाला पत्ता नाही. मग तू ओल्या फडक्याने पुसायला जाणार. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजारेक ओहम धर, म्हणजे अंगातून 0.23 अँपियर. सहा अँपियरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणारा बोर्डावरचा स्विच) ते कळतसुद्धा नाही, माणूस मात्र जाऊ शकतो. 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, पण अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावल्यावरच. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधी.

आणि वाड्यात कुणाला शॉक का नाही बसला? कारण हंडी दहा फुटांवर लाकडी तुळईला होती, बांबूला कुंचा बांधून झाडायचे तिला. तिथे पितळाचा काही पराक्रम नव्हता.

आता एक मान्य करावं लागतंय. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत 61 वा नियम होता, त्यात घरगुती व्होल्टेजला ब्रॅकेट, झुंबरं, सीलिंग फॅन वगैरेंना अर्थिंगमधून सूट होती. मेसेजवाल्याने हे कुठेतरी अर्धवट ऐकलं असेल. पण त्याच वाक्यात पुढे होतं की हलवता येणाऱ्या उपकरणांना ही सूट नाही. स्टँडवरची, प्लगची हंडी म्हणजे तेच झालं ना!

"ओरिजिनल वायर बदलू नका" हाही मुद्दा आहे त्यात. अरे, हंडी मुळात तेलवातीची, तिला ओरिजिनल वायर आली कुठून? नंतर कुणा वायरमनने ओवलेली ती, कापडाच्या वेणीत रबर. तांबं आतून चांगलं असेलही, पण रबर उष्णतेने कडक होऊन तडकतं, बोटाने वाकवलं तर भुगा पडतो. बदलायचीच.

टॉयलेटच्या ॲसिडने पितळ चमकवा म्हणे. त्याने जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग राहतात. चिंच नाहीतर पीतांबरी पुरे, तीही वायर आणि होल्डर काढून, आणि वर मुलामा नाही ना हे बघून. शंभर वॅटचा पिवळा बल्ब "शोभेसाठी" लावायचा म्हणे, तो बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो आणि वरचा होल्डर भाजतो. 2700 केल्विनचा एलईडी लाव, उजेड तसाच पिवळसर पडतो.

रविवारी येतेय मी. अर्थची वायर रिंग लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) लावून टोपीच्या स्क्रूखाली आणि दुसरी स्टँडला, साखळीच्या कड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. तोवर आत्या, प्लगला लावू नकोस, आणि ॲसिडची बाटली बाथरूममध्येच राहू दे.